चौऱ्याण्णव अधिक एक

आपल्याकडे इतिहासावर कादंबरी किंवा सिनेमा आला की भांडण ठरलेलं, आणि दोन्ही बाजूंचे डायलॉगही ठरलेले. एक बाजू ओरडते इतिहासाची मोडतोड केली, दुसरी म्हणते अहो फिक्शन आहे ते, एवढं काय मनाला लावून घेताय. २०२५ च्या जानेवारीत संभाजी महाराजांवरच्या सिनेमाच्या ट्रेलरमध्ये लेझीम दिसलं म्हणून केवढं रान उठलं होतं आठवत असेल, शेवटी तो सीन काढला आणि सगळे गप्प. पण प्रश्न सुटला का? छे, पुढच्या सिनेमापर्यंत ढकलला गेला इतकंच. आणि या मारामारीत जाता जाता एक टोला कायम बसतो तो ऐतिहासिक डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांना, म्हणजे राजेरजवाड्यांवर लिहिणं एकवेळ समजू शकतो, पण इतिहासात खून घुसवायचे, त्याला गुप्तहेर जोडायचा आणि वर त्याची वीस-वीस पुस्तकांची सिरीज काढायची म्हणजे निव्वळ थट्टा. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. इतिहासावर काल्पनिक लिहायचंच असेल तर त्यातल्या त्यात प्रामाणिक प्रकार हाच. मोडतोड झाली की नाही हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, कादंबरी म्हटली की काहीतरी पदरचं येणारच. विचारायचं असेल तर हे विचारा की पदरचं घातलं कुठे, जिथे नोंद आहे तिथे, की दोन नोंदींच्या मधे जी मोकळी जागा राहते तिथे?

हवेत बोलण्यापेक्षा एक पुस्तक समोर ठेवू. एलिस पीटर्स यांची 'वन कॉर्प्स टू मेनी', १९७९ ची, ब्रदर कॅडफेल सिरीजमधली दुसरी. एलिस पीटर्स हे टोपणनाव, बाईंचं खरं नाव एडिथ पार्जिटर, इंग्लंडच्या श्रॉपशायरमध्ये जन्मल्या, कॉलेजात गेल्या नाहीत, तरुणपणी केमिस्टच्या दुकानात काम केलं (झाडपाल्याची औषधं करणारा डिटेक्टिव्ह उगाच नाही सुचला), दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलात होत्या. १९७७ ते १९९४ मध्ये कॅडफेलच्या वीस कादंबऱ्या लिहून १९९५ ला गेल्या. हा कॅडफेल वेल्सचा, पहिल्या क्रूसेडमध्ये (जेरुसलेमसाठी ख्रिश्चनांनी केलेलं धर्मयुद्ध) लढलेला, नंतर समुद्रावर भटकलेला आणि मग श्रूजबरीच्या बेनेडिक्टाइन मठात येऊन साधू झालेला गडी, मठाची औषधी बाग सांभाळतो. तो पूर्णपणे काल्पनिक. मठ खरा, गाव खरं, आणि त्या गावात ११३८ च्या उन्हाळ्यात जे झालं तेही खरं.

झालं असं की इंग्लंडचा राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला, मग त्याने सरदारांकडून मुलगी मटिल्डासाठी शपथा घेतल्या, पण ११३५ ला तो मेल्याबरोबर भाचा स्टीफनने मुकुट घालून घेतला आणि शपथा घेणारे बरेचसे तिकडे जाऊन बसले. (हे वाचताना आपल्याला काही परकं वाटत नाही, गादीसाठी काका-पुतणे आपणही भरपूर बघितलेत.) श्रॉपशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला कारभारी, विल्यम फिट्झॅलन मात्र मटिल्डाच्या बाजूने श्रूजबरीचा किल्ला लढवत राहिला. स्टीफनने साधारण महिनाभर वेढा घातला, किल्ला पडला, फिट्झॅलन निसटला. मागे जे हाती लागले त्यांच्यात त्याचा काका आर्नल्फ होता. त्याला आणि आणखी सुमारे ९३ जणांना राजाने मारून टाकलं, कुणाला फासावर, कुणाला आणखी कसं. हे लिहून ठेवलंय ऑर्डेरिक व्हायटॅलिस नावाच्या साधूने, आणि हा ऑर्डेरिक मुळात श्रूजबरीजवळच जन्मलेला, दहाव्या वर्षी बापाने फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या मठात पाठवून दिलेला. आपल्या लहानपणीच्या गावात काय झालं ते समुद्रापलीकडे बसून लिहितोय बिचारा. तर आता हिशोब बघा. चौऱ्याण्णवातलं एक नाव पक्कं कळलं, राजावर पानंच्या पानं, फिट्झॅलनचा पुढचा इतिहास सगळा ठाऊक, आणि बाकीचे कोण? आकडा.

पार्जिटरबाईंनी काय केलं, तर या आकड्याला हात लावला नाही, फक्त त्यात एकाची भर घातली. मठाचे महंत राजाकडे परवानगी मागतात की मेलेल्यांना नीट मूठमाती देऊ द्या, कॅडफेल किल्ल्यात जातो, प्रेतं ओळीने ठेवतो, मोजतो, आणि ती भरतात पंचाण्णव. म्हणजे राजाने मारलेल्या गर्दीत कुणीतरी आपला खून गुपचूप सारून दिलाय. एकाच्या गळ्यावरचा वळ फासाच्या दोराचा नाही, बारीक दोरीचा आहे, मागून आवळलेला. आता सांगा, ऑर्डेरिकच्या नोंदीला कुठे धक्का लागला? राजा कादंबरीत तेच करतो जे त्याने खरंच केलं. फिट्झॅलन निसटतो तसाच निसटतो. लेखिकेने जो पदरचा माणूस घातला तो अशा ठिकाणी घातला जिथे इतिहासाने नुसतं "आणि इतर" म्हणून हात झटकलेत. याउलट आपल्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबऱ्या आठवा. माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले, महाराज रात्री तटावर उभं राहून मनात काय म्हणाले, हे पानोपान येतं, वाचताना डोळ्यात पाणीही येतं आणि पुढच्या पिढीला तेच इतिहास म्हणून पाठ होतं, भाषणात कोट केलं जातं. नोंद असलेल्या माणसाच्या तोंडी स्वतःची वाक्यं घालणं ही प्रतिष्ठित साहित्यकृती आणि नोंद नसलेला माणूस निर्माण करणं ही थट्टा, हा कुठला न्याय?

अर्थात विरोधकांचं सगळंच टाकाऊ नाही. त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा असा की कॅडफेल बाराव्या शतकातला माणूसच वाटत नाही. आणि खरंच आहे ते. क्रूसेडमध्ये लढून आलेला माणूस आणि परधर्मीयांबद्दल त्याच्या मनात जवळजवळ काहीच विष नाही, जातकूळ बघत नाही, प्रेमात पडलेल्या पोरापोरींना पळून जायला मदत करतो, देवापेक्षा स्वतःच्या विवेकाला जास्त जुमानतो, एखाद्या पुस्तकात तर गुन्हेगाराला स्वतःच प्रायश्चित्त ठरवून देऊन सोडतो. विसाव्या शतकातल्या समजूतदार ब्रिटिश काकांना झगा घातलाय असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण त्याच दमात जे म्हणतात की प्रेत तपासणं, खुणा वाचणं, पुरावा जोडणं हे सगळं आधुनिक आहे आणि जुन्या काळात ते घुसवलंय, तिथे थांबा जरा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात अचानक मेलेल्या माणसाचं प्रेत कसं तपासावं यावर अख्खा अध्याय आहे, प्रेताला तेल लावा, मग बघा हातपाय सुजलेत का, डोळे उघडे आहेत का, गळ्यावर वळ आहे का, आणि त्यावरून गळा दाबला की फास की विष ते ठरवा. आणि खुद्द इंग्लंडमध्ये नॉर्मन राजांचा (नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकलेल्यांचा) नियम होता की अनोळखी प्रेत सापडलं, तो माणूस इंग्रज होता असं लोकांना सिद्ध करता आलं नाही तर तो नॉर्मन धरायचा, आणि खुनी हजर केला नाही तर सगळ्या परगण्याने दंड भरायचा. म्हणजे हे प्रेत कुणाचं हा प्रश्न तिथल्या साध्या शेतकऱ्यालाही पडत होता, आणि पडायलाच लागत होता, खिशाचा मामला होता! डिटेक्टिव्ह पोलीस नव्हते हे बरोबर, प्रेताची चौकशी करणारा कॉरोनरसुद्धा ११९४ ला आला, पण कुतूहल काय सरकारी खात्याने शोधलं होय?

आणि दयाळू माणूस म्हणजे कालविसंगत माणूस, हे गृहीतकच मला पटत नाही. जुन्या काळातले सगळे लोक एकसाथ क्रूर होते असं मानलं की आपल्याला फार बरं वाटतं, आपण सुधारलो असं वाटतं. ऑर्डेरिक लिहितो की स्टीफन मवाळ होता, त्या मवाळपणाला लोक किंमत देईनात म्हणून चिडून त्याने हे केलं. हे वाक्य नीट वाचलं तर लक्षात येतं की त्या काळच्या माणसालाही ही कत्तल रोजची वाटलेली नव्हती, तिला कारण द्यावंसं वाटलं. कादंबरीतला स्टीफन नेमका तसाच आहे, मनाने मोकळाढाकळा, कुणी दुबळं म्हणू नये म्हणून कडक होणारा. राजा लेखिकेने नोंदीतून उचललाय आणि चांगुलपणा आपल्या काल्पनिक साधूला दिलाय. उलटं केलं असतं, म्हणजे राजाच्या तोंडी पश्चात्तापाचं स्वगत घातलं असतं, तर मी पहिला ओरडलो असतो.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त टोचतो. चौऱ्याण्णव खरी माणसं मेली आणि तुम्ही त्यांचा कोड्यासाठी पडदा म्हणून वापर करताय, याची लाज नाही वाटत? आणि इथे पुस्तक थोडं अडखळतंच. राजाला राग येतो तो माझ्या शिक्षेआड कुणी आपलं पाप लपवलं याचा, म्हणजे चौऱ्याण्णव मारणाऱ्याला पंचाण्णवाव्याचा संताप! हा विरोधाभास इतका भयंकर आहे की त्यावर सगळी कादंबरी तोलता आली असती, पण बाई तिथे फार थांबत नाहीत, राजा शेवटपर्यंत बऱ्यापैकी लाडका राहतो, हुकूम राजाचा म्हणून तो खून नाही आणि हा खून, ही रेघ कॅडफेलला खुपते पण तो ती ओलांडत नाही. मला ते कमी वाटलं. तरीही पडदा म्हणून वापर हा आरोप मात्र टिकत नाही, कारण मोजणी झाली की पुस्तक गावकऱ्यांना आत बोलावतं, आपापली माणसं ओळखा आणि घेऊन जा. एक तरुण मुलगी, अलीन, स्वतः राजाच्या बाजूची, मदत म्हणून येते आणि त्या ओळीत तिला सापडतो तिचा भाऊ, जो मटिल्डाकडे गेला होता. ऑर्डेरिकच्या वाक्यात जे सगळे एका आकड्यात होते त्यांना कादंबरी बहिणी देते, आया देते, कापडं देते. खुन्याचं नाव सांगत नाही, वाचणाऱ्यांची मजा जायला नको, पण खरं सांगायचं तर खुनी कोण हे मी विसरलो तरी ती ओळख पटवायची पानं विसरणार नाही.

आता सिरीज हा शब्द उच्चारला की नाकं मुरडतात त्याबद्दल. आपल्याकडे हे जरा जास्तच, बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, अख्ख्या महाराष्ट्राला वाचायची सवय लावली, झुंजार आणि काळापहाड घराघरात पोचले, आणि साहित्याच्या इतिहासात त्यांना जागा मिळते ती मेहेरबानी केल्यासारखी. सिरीजमध्ये फॉर्म्युला येतो हे कबूल. कॅडफेलमध्येही येतो, दर पुस्तकात एक देखणा तरुण ज्याच्यावर खोटा आळ, एक धीट मुलगी, शेवटी दोघांचं जमणार, मधली तीन-चार पुस्तकं तर एकमेकांत मिसळून जातात. छोट्याशा गावात इतके खून म्हणजे तिथे माणसं शिल्लक कशी राहिली हा विनोदही जुना झाला. पण लांबीचा एक फायदा असा आहे जो एकट्या जाडजूड कादंबरीला मिळूच शकत नाही. या वीस पुस्तकांत ११३७ ते ११४५ अशी वर्षं सरकतात, कॅडफेल म्हातारा होतो, ११३८ च्या शेवटी खरा महंत बदलला गेला तसा पुस्तकातही बदलतो, ११४१ च्या फेब्रुवारीत लिंकनच्या लढाईत राजा पकडला जातो, जूनमध्ये लंडनचे लोक मटिल्डाला हुसकून लावतात, नोव्हेंबरमध्ये राजा सुटतो, आणि हे सगळं मठात पोचतं ते बातमी म्हणून, उशिरा, कुणा व्यापाऱ्याच्या तोंडून, अर्धवट. इकडे कापणी चाललेली असते. यादवी म्हणजे लढाया अशी आपली समजूत असते, पण जगणाऱ्याला यादवी म्हणजे आठ पावसाळे कोण राजा आहे ते न कळता शेरीफला कर भरणं. त्या काळच्या इंग्रजी बखरीत लिहिलंय की ख्रिस्त आणि त्याचे संत झोपले होते असं लोक उघड म्हणायचे. ही यादवी मिटवणारा तह ११५३ ला झाला, आणि सिरीज तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणजे वाचकालाही शांतता बघायला मिळत नाही. तीनशे पानांत गादीचा निकाल लावणारी भव्य कादंबरी हे कसं देणार?

मग डिटेक्टिव्ह कादंबरी इतिहासाचं नुकसान करत नाही असं मी म्हणतोय का? अजिबात नाही, करते, आणि कधी करते तेही सांगता येतं. जोसेफिन टे यांची १९५१ ची 'द डॉटर ऑफ टाइम' घ्या, तीही सिरीजमधलीच, इन्स्पेक्टर अॅलन ग्रँट पाय मोडून हॉस्पिटलमध्ये पडलाय आणि पडल्या पडल्या इंग्लंडचा राजा तिसऱ्या रिचर्डची केस उघडतो, १४८३ मध्ये लंडनच्या टॉवर किल्ल्यातून गायब झालेल्या दोन राजपुत्रांना त्याने मारलं की नाही. पुस्तक अफाट वाचनीय आहे, एका बैठकीत संपतं, आणि शेवटी ग्रँट खात्रीने सांगतो की रिचर्ड निर्दोष, त्याच्यानंतरचा राजा सातवा हेन्री दोषी. असा निकाल द्यायला पुरेसा पुरावा कधीच नव्हता, रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली सापडला तरी त्या पोरांबद्दल तो काय बोलणार? पण वाचकांच्या डोक्यात केस क्लोज झाली. इथे लेखिकेने खरा गुन्हा, खरी माणसं घेतली आणि पदरचा निकाल लावला. पार्जिटर आणि टे यांच्यात फरक आहे तो एवढाच आणि तोच महत्त्वाचा.

आपल्याकडे ही केस कुठली ते सांगायला नकोच. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, गारदी. रामशास्त्र्यांनी तपास केला आणि सत्तेवर बसलेल्या राघोबादादाला तोंडावर दोषी ठरवलं, हे आपल्या न्यायाच्या इतिहासातलं केवढं मोठं पान. पण लोकांना विचारा खुनी कोण, उत्तर येईल आनंदीबाई, ध चा मा केला. त्या एका अक्षराचा पक्का पुरावा इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही, पण नाटकांनी, गोष्टींनी बाईला फासावर चढवून अडीचशे वर्षं होत आली. हे कुठल्या डिटेक्टिव्ह सिरीजने केलं? नाही, हे केलं आपल्या प्रतिष्ठित, भारदस्त, अश्रू काढणाऱ्या ऐतिहासिक कथनाने, ज्याला रहस्याची शिस्त नव्हती पण खलनायिका मात्र हवी होती. रहस्यकथेची म्हणून एक शिस्त असते, वाचक पुरावा मागतो, मधेच अक्षर बदललं तर कागद दाखवा म्हणतो.

आणि त्याच दिवसाबद्दल आणखी एक. त्या अर्ध्या तासात वाड्यात एकूण अकरा माणसं मेली, इतिहासकार सरदेसाईंनी मोजून दिलंय, नारायणरावासह सात ब्राह्मण, दोन मराठे नोकर आणि दोन दासी. नारायणराव "काका मला वाचवा" म्हणत अजूनही वाड्यात फिरतो असं पुण्यातली पोरं एकमेकांना सांगतात. धन्याच्या अंगावर पडून वार झेलणारा चाफाजी टिळेकर निदान इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या दोन दासी कोण? पानिपतच्या त्या प्रसिद्ध निरोपात मोती मोजलेत, मोहरा मोजल्यात, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही म्हणून सोडून दिलंय. आपली ऐतिहासिक कादंबरी इतकी वर्षं मोती आणि मोहराच मोजत आलीये. कॅडफेल खाली वाकून मोजतो तो खुर्दा, आणि त्यात एक नाणं जास्त निघालं म्हणून सगळा खेळ सुरू होतो. थट्टा कोण करतंय मग?

मला विचाराल तर मराठीत अशी सिरीज व्हायला हवी, आणि सामग्रीची तर अडचणच नाही, पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत, भांडणं, चोऱ्या, दंड, दाणागोटा, कुणाला किती लुगडी दिली सगळं लिहिलेलं. डिटेक्टिव्ह रामशास्त्री मात्र करू नका, तो नोंदीतला माणूस आहे, त्याच्या तोंडी तुमची वाक्यं घालायचा मोह होईल आणि पुन्हा तेच सुरू. त्यांच्या हाताखालचा एखादा लेखनिक घ्या, जबान्या उतरवून घेणारा, जरा कंटाळलेला, थोडा दम्याचा त्रास असलेला. असा लेखनिक नव्हताच, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, तेवढं स्वातंत्र्य घ्यायची या प्रकारात मुभा आहे आणि त्यामुळे कुणा खऱ्या माणसावर आळ येत नाही. सरळ त्या दोन दासींपासून सुरू करा, वाड्याच्या कुठल्या दारापाशी त्या होत्या, कुणाच्या होत्या, पळाल्या का नाहीत. नारायणरावाच्या खुनाचा निकाल रामशास्त्र्यांनी देऊन ठेवलाय, तो परत लावत बसू नका.